लान्डस्काप की लेन? स्वीडिश पूर्वजाचं जन्मगाव शोधताना

अमेरिकेत गेलेल्या स्वीडिश घराण्यांच्या जुन्या बायबलात पूर्वजाच्या नावापुढे एवढंच लिहिलेलं असू शकतं: ‘जन्म युंगबी, स्मोलंड’. वाचून वाटतं, गाव सापडलं. प्रत्यक्षात शोध इथेच अडतो, कारण स्मोलंड हे लान्डस्काप आहे आणि दप्तरं लावलेली आहेत लेनप्रमाणे.

लान्डस्काप म्हणजे जुना प्रांत. असे 25 आहेत. कारभारात त्यांना आता स्थान नाही, पण माणूस स्वतःला ‘स्मोलंडचा’, ‘दालार्नाचा’ असंच म्हणवतो. परदेशी गेलेल्यांनी मुलानातवंडांना सांगितलं तेही हेच. लेन मात्र सरकारी विभाग. 1634 साली ही व्यवस्था बसली, आज 21 लेन आहेत. स्मोलंडचा बहुतेक भाग यॉनशॉपिंग, क्रुनुबेरी आणि काल्मार या तिघांत वाटला गेला आहे.

आता युंगबी पाहा. या नावाचा एक पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, क्रुनुबेरीत, दुसरा काल्मारमध्ये, आणि दोन्ही स्मोलंडातच. तिसरा शेजारच्या हालंडमध्ये. म्हणजे ‘स्मोलंड’ हा शब्द फक्त तिसऱ्याला बाजूला काढतो. म्हणून जाणकार नावामागे लेनचं अक्षर लावतात: क्रुनुबेरीला ‘जी’, काल्मारला ‘एच’, हालंडला ‘एन’. हे एक अक्षर मला अख्ख्या प्रांताच्या नावापेक्षा मोलाचं वाटतं.

पण लेनही अढळ नाही. स्काराबोरी हे लेन 1998 मध्ये वेस्त्रा योतालांडमध्ये विलीन झालं. वंशावळीच्या कामात मात्र त्याचं जुनं अक्षर ‘आर’ अजून चालतं, त्यामुळे आजचा नकाशा उघडून बसलात तर गोंधळ ठरलेला.

अक्षर माहीत नसेल तर? पूर्वजाच्या जन्मतारखेच्या दोन्ही पॅरिशमधल्या जन्मनोंदी उघडून पाहायच्या. स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. पण केवळ नाव जुळलं म्हणून थांबू नका. आंदेर्स आणि योहान तेव्हा प्रत्येक वाडीत होते. पाद्री घरोघरच्या धर्मज्ञानाची परीक्षा घेऊन जी वही ठेवत, तिच्यात शेताचं नाव, घरातली माणसं आणि त्यांच्या जन्मतारखा एकत्र मिळतात. कोणी गाव सोडलं तर तेही त्यात टिपलेलं असतं. तिथे आईवडील, भावंडं आणि ‘उत्तर अमेरिका’ हा शेरा, तिन्ही जुळले तरच तो पॅरिश आपल्या पूर्वजाचा धरावा.