‘राखीव’ या शब्दाची पार्श्वभूमी: दाजीपूरपासून चंदगडपर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत घाटमाथ्यावरच्या कुठल्याही गावात चहाच्या टपरीवर टेकलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘आमच्यात झोन पडलाय.’ कुठला झोन, असं विचारलं की तीन माणसं तीन उत्तरं देतात. एक म्हणतो संवर्धन राखीव, दुसरा म्हणतो इको सेन्सिटिव्ह, तिसरा ‘अभयारण्य वाढवलं’ म्हणून मोकळा होतो. या तिन्ही गोष्टी वेगळ्या, त्यांची कलमं वेगळी आणि त्यांचा शेतकऱ्याच्या बांधाशी येणारा संबंधही वेगळा. हा घोळ कसा झाला हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

संस्थानकाळ थोडक्यात उरकतो. दाजीपूरचं रान दरबारच्या शिकारीचं. तिथं राखीव म्हणजे शिकार महाराजांची, बाकीच्यांनी बंदूक घेऊन फिरायचं नाही. कोल्हापूरच्या दरबारात शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते, चित्तेवान होते. पण ती शिकार उघड्या माळावरच्या हरणांची. दाजीपूरचं रान दाट, स्थानिक भाषेत ‘डंग’, आणि तिथला मान गव्याचा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०८-०९ च्या सुमारास भोगावतीवर धरणाचं काम हाती घेतलं, आणि त्या रानाच्या राखणीला आणखी एक कारण मिळालं असं मला वाटतं. धरणाच्या वरच्या अंगाचं जंगल उघडं पडलं तर तळ्यात पाण्याऐवजी गाळ येतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आजही तळ्यातलं पाणी उतरलं की महाराजांचा बेनझीर व्हिला हा बंगला मोकळा दिसतो. शिकार आणि पाणी, दोन्ही आठवणी एकाच ठिकाणी.

संस्थान १९४९ साली विलीन झालं. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्यप्राणी-पक्षी रक्षणाचा स्वतःचा कायदा केला होता. पुढं १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य जाहीर झालं. राज्यातलं ते पहिलं, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. देशाचा वन्यजीव कायदा १९७२ मध्ये आला आणि १९८५ मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्य ३५१.१६ चौरस किलोमीटरचं झालं. राधानगरी आणि काळम्मावाडी या दोन्ही तळ्यांच्या पाणलोटाचं रान त्यात आलं. जाता जाता, फलकांवर अजून ‘बायसन’ लिहितात. बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आपला तो गवा. साठ वर्षं झाली, फलक काही सुधारत नाहीत.

खरा गुंता ‘राखीव’ या शब्दाचा आहे, आणि त्यावर जरा थांबायला हवं.

इंग्रजांनी केलेल्या वन कायद्यात, आज चालू आहे त्या १९२७ च्या सुद्धा, जंगलाचे दोन मुख्य प्रकार आहेत: राखीव आणि संरक्षित. जुने वनपाल नव्या पोराला हा फरक एका दमात शिकवायचे. राखीव वनात परवानगी दिली नसेल ते सगळं बंद. संरक्षित वनात मनाई केली नसेल ते सगळं चालू. म्हणजे राखीव कडक, संरक्षित सैल. चारणीला गुरं घातली म्हणून दंड भरलेल्या आज्यांच्या तोंडून गावानं हा शब्द शिकला. राखीव म्हणजे कोंडवाडा, पावती आणि साहेबापुढं उभं राहणं, ही समजूत तिथली.

वन्यजीव कायद्यात मात्र ही उतरंड उलटी होते. तिथं ‘संरक्षित क्षेत्र’ हे सगळ्यांचं मिळून नाव. त्यात राष्ट्रीय उद्यान सगळ्यात कडक, चराई सुद्धा नाही. त्याखाली अभयारण्य, जिथं लोकांच्या हक्कांची चौकशी करून काही हक्क चालू ठेवता येतात. आणि २००२ च्या दुरुस्तीने त्यात ‘संवर्धन राखीव’ नावाचा नवा प्रकार घातला, तो सगळ्यात सैल. दोन अभयारण्यांना जोडणारी किंवा त्यांना लागून असलेली, सरकारच्याच मालकीची जमीन. ती जाहीर करायच्या आधी स्थानिकांशी सल्लामसलत. आणि व्यवस्थापनाच्या समितीत त्या हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी. कायदा करणाऱ्यांनी सगळ्यात मवाळ प्रकाराला गावाच्या कानाला सगळ्यात कडक वाटणारा शब्द दिला. इंग्रजीत हे खटकलं नसेल. मराठीत खटकायला हवं होतं.

आता २०२० कडं येऊ, कारण कोल्हापूरचा आजचा वाद तिथून सुरू होतो. त्या ऑक्टोबरात राधानगरी अभयारण्याभोवतीच्या इको सेन्सिटिव्ह झोनची अंतिम अधिसूचना निघाली. रुंदी सगळीकडं सारखी नाही, कुठं २०० मीटर तर कुठं ६ किलोमीटरपर्यंत. दोनच महिन्यांत, डिसेंबरात, राज्य पातळीवर संवर्धन राखीवांची यादी मंजूर झाली. त्यात एकट्या कोल्हापूर जिल्ह्याच्या वाट्याला पाच आली: विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड. दोन्ही बातम्या पाठोपाठ आल्या आणि गावागावात एकच झाल्या.

खरी मेख इथं आहे. ज्याच्या नावात राखीव आहे ते मालकीच्या रानाला हात लावू शकत नाही. कायद्यानेच ते सरकारी जमिनीपुरतं. झोन मात्र पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा, १९८६ चा. तो मालकी बघत नाही, थेट सातबाऱ्यापर्यंत पोचतो. खाण, दगडाची क्वारी, प्रदूषण करणारा कारखाना त्यात बंद. शेती चालू, हॉटेल-रिसॉर्टला अटी. घाबरायचंच असेल तर शेतकऱ्यानं झोनची अधिसूचना नीट वाचायला हवी होती आणि राखीवाच्या सभेला समितीतली जागा मागायला जायला हवं होतं. घडलं उलटं. राखीवाविरुद्ध ठराव झाले, आणि झोनचा मसुदा हरकतींसाठी खुला होता तेव्हा बरीच गावं गप्प राहिली. दोष गावांना देऊन चालणार नाही. मसुदे राजपत्रात निघतात, आणि राजपत्र कुठल्या टपरीवर येत नाही.

या पाच रानांना सरळ अभयारण्य का केलं नाही, असा सवाल पर्यावरणवाल्यांकडून येतो. मला तो अर्धाच पटतो. भुदरगड-आजऱ्याकडं जंगल सलग नाही. सरकारी गट, मग मालकीचं रान, मग काजू, मग पुन्हा सरकारी गट, अशी ठिगळं. अभयारण्य काढलं असतं तर प्रत्येक हक्काची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांपुढं चालली असती आणि दहा-वीस वर्षं लोंबकळली असती. शिवाय २००० साली सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यातून वाळकं लाकूड, गवत काढायलाही मनाई केली, हे हिरडा गोळा करणारी बाई विसरत नाही. तेव्हा सैल प्रकार निवडणं शहाणपणाचं होतं. पण मालकीचे तुकडे वगळल्यावर नकाशा चाळणीसारखा झाला, हेही खरं. त्यातून वाट काढणाऱ्या हत्तीला गट नंबर कळत नाही.

वाट हाच या पाचांचा हेतू आहे. उत्तरेला चांदोली-कोयना, म्हणजे २०१० पासूनचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, मध्ये राधानगरी, दक्षिणेला तिळारी, गोवा आणि पुढं कर्नाटकातला काळी व्याघ्र प्रकल्प. जनावराला या टोकापासून त्या टोकाला जायचं तर मधलं रान तुटता कामा नये. चांदोलीत २०२३ च्या डिसेंबरात बऱ्याच वर्षांनी वाघ कॅमेऱ्यात दिसला, २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाहून एक वाघीण आणून सोडली. वाघीण पिंजऱ्यातून आणता येते, वाट आणता येत नाही.

रोजचं व्यवस्थापन म्हणाल तर ते फारसं दिसण्यासारखं नसतं. होळीच्या आधी वणवा अडवायला जाळरेषा काढणं, पाणवठ्यातला गाळ काढणं, गवताच्या कुरणात माजलेलं रानमोडीचं तण उपटणं. काही वर्षांपूर्वी बुद्ध पौर्णिमेच्या प्रगणनेला मचाणावर बसलो होतो. हातात छापील तक्ता: वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, शेरा. रात्री सव्वादोनला सात गवे पाण्यावर आले. पांढरे पाय तेवढे चांदण्यात हलताना दिसले, वरची धुडं अंधारात. सोबतच्या वनमजुराने ‘शेरा’च्या रकान्यात लिहिलं: ‘ऊस खाऊन आले असावेत, शेण ओलं व पिवळट.’ वरून आलेल्या कुठल्याही अहवालात मी इतकं नेमकं वाक्य वाचलेलं नाही. अभयारण्याच्या कडेपर्यंत ऊस आला, गव्याला बारमाही हिरवा चारा आणि लपायला जागा मिळाली. म्हणून तो आता नुसता रानातला राहिला नाही. २०२१ च्या डिसेंबरात तो थेट कोल्हापूर शहराच्या वेशीवर आला, तेव्हा शहराला हे पहिल्यांदा कळलं.

आणखी एक ‘झोन’ अजून पडायचा आहे. पश्चिम घाटावर पुण्याच्या एका ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञाच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, तो जड वाटला म्हणून दुसरी समिती नेमली, आणि तिच्या आधारे २०१४ पासून केंद्राचे मसुदे निघतायत. सहावा ३१ जुलै २०२४ चा. महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर त्यात येतं. मराठीत यालाही पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणतात आणि राधानगरीभोवतीच्या झोनलाही तेच. मसुद्यावर हरकतीला ६० दिवस असतात. ते संपले, अंतिम काही आलं नाही. भुदरगडातल्या एका सरपंचबाई मला विचारत होत्या, आमचं गाव तिन्हींत आहे का एकातच? तलाठ्याकडचा नकाशा, झोनच्या यादीतलं नाव आणि राखीवाचे गट नंबर शेजारी ठेवून बघायला आम्हाला दुपार गेली. झोन आणि राखीव, दोन्हींत निघालं, आणि तिसऱ्याच्या, म्हणजे पश्चिम घाटाच्या मसुद्याच्या यादीत गावाचं नाव चुकीचं छापलेलं.