होडीचा बाक आणि संगणकाची रेषा

लाकडी होडीत सरळ रेषा फार थोड्या. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत काठ वाकत जातो, पोट फुगतं, पुन्हा निमुळतं होतं. हा बाक साधायला जहाज बांधणारे पूर्वापार एक युक्ती वापरत आलेत: लाकडाची लवचीक पट्टी मोजक्या जागी अडकवायची आणि मधला आकार तिचा तिलाच घेऊ द्यायचा. पट्टी कुठेही एकदम मोडत नाही, सलग वळते. युरोपातल्या गोद्यांत तिला स्प्लाइन म्हणत आणि शिशाची वजनं ठेवून ती जागेवर धरत. आयझॅक शोनबर्ग या गणितज्ञांनी 1946 मध्ये अशा वक्रांचं गणित मांडलं, तेही याच नावाने. थोडे बिंदू पक्के करा, मधला आकार नियमाने येऊ द्या, ही कल्पना आजच्या व्हेक्टर चित्रांच्या मुळाशी आहे.

फोटोचं काम निराळं. मोबाईलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण 1 कोटी 20 लाख ठिपके आणि प्रत्येकाचा रंग. होडी कुठे संपते नि पाणी कुठे सुरू होतं, याची नोंद त्यात नसतेच. फार मोठा केला की चौकोन दिसू लागतात. व्हेक्टर चित्रात रेषांची नोंद असते. पडद्यावर शेवटी ठिपकेच उमटतात, पण ते हव्या त्या मापाला नव्याने काढले जातात. म्हणून नाळेवर लिहायचं होडीचं नाव वीतभर काढा की हातभर, अक्षराची कड रेखीवच राहते. तुमच्या मोबाईलमधला देवनागरी फाँटही असाच वक्ररेषांचा बनलेला असतो. लाटेच्या फेसाला मात्र फोटोच हवा.

आता एक वक्र हातानेच काढून पाहू. वहीवर होडीचा आडवा छेद घ्या: रुंदी 6 फूट, काठ 4 फूट उंचीवर. डावा काठ (0, 4), उजवा (6, 4). त्यांच्या बरोबर खाली, शून्य उंचीवर, आणखी दोन बिंदू: (0, 0) आणि (6, 0). हे दोन बिंदू रेषेवर नसतात, ते रेषेला आपल्याकडे ओढतात. चारही बिंदू ओळीने जोडा आणि तिन्ही रेषांचे मध्य काढा: (0, 2), (3, 0), (6, 2). त्यांच्यामधले मध्य: (1.5, 1), (4.5, 1). या दोघांचा मध्य (3, 1). हा आपल्या होडीचा तळ! मध्याऐवजी पाव, तिसरा हिस्सा असं कुठलंही प्रमाण घेतलं की वक्रावरचा दुसरा बिंदू मिळतो. खालचे दोन्ही बिंदू 1 फूट खाली ओढा. तळ पाऊण फूट खाली जातो आणि काठ जागचे हलत नाहीत. अख्खा छेद आठ आकड्यांत मावला, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

ही रीत पॉल द कास्तेलजो यांनी 1959 मध्ये सित्रोएन या मोटार कंपनीत शोधली. कंपनीने ती गुपित ठेवली. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तेच काम करून 1960च्या दशकात प्रसिद्ध केलं, म्हणून आज आपण बेझिए वक्र म्हणतो.

त्रिमितीत प्रत्येक बिंदूला तिसरा आकडा मिळतो. नाळेपासून मागपर्यंत असे छेद उभे करायचे आणि त्यांच्यावरून एक पृष्ठभाग ताणायचा. सुतार फासळ्यांवर फळ्या चढवतो, तसाच क्रम. पडद्यावर दाखवताना संगणक या पृष्ठभागाचे बारीक त्रिकोण करतो. त्रिकोणच का? तीन पायांची तिवई ओबडधोबड अंगणातही डुगडुगत नाही, तसे तीन बिंदू नेहमी एकाच सपाटीत बसतात. चार बिंदूंची ती खात्री नाही. मग प्रत्येक त्रिकोणाचं तोंड उजेडाकडे किती वळलंय ते पाहून छटा ठरते: खडबडीत पृष्ठभागावर किरण सरळ पडले तर पूर्ण उजेड, 60 अंश तिरके पडले तर निम्मा. दूरच्या वस्तू लहान दिसाव्यात म्हणून मापांना अंतराने भागायचं. 200 मीटरवरची होडी 100 मीटरवरच्या तशाच होडीच्या निम्मी.

पण मॉडेलचं खरं मोल दिसण्यात नाही. पाण्याखालच्या भागाचं घनफळ त्यातून थेट काढता येतं. समुद्राच्या पाण्याचा एक घनमीटर सुमारे 1025 किलो भरतो. तेव्हा 4 घनमीटर पाणी बाजूला सारणारी होडी स्वतःचं वजन, सामानसुमान, माणसं धरून एकूण साधारण 4.1 टन भरते. लाकूड कापण्याआधीच हे कळतं.

कोकणात लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेताहेत. जुन्या सुतारांचे आकार बहुधा कागदावर नसतात, हातात असतात, म्हणून ते आत्ताच टिपायला हवेत असं मला मनापासून वाटतं. मोजमापांवरून त्रिमिती आकार उभा करायला ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या मध्यातून सुतळी ताणा, दर फुटावर टेप आणि ओळंबा लावून अंतरं वहीत लिहा. टोकांजवळ, जिथे बाक झपाट्याने बदलतो, तिथे दर सहा इंचांवर. किंवा होडीभोवती फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराच भाग येईल असे भरपूर फोटो काढा. सारख्या खुणा जुळवणारं वेगळं सॉफ्टवेअर त्यातून आकार उभा करतं. नुसत्या फोटोंवरून मात्र खरं माप कळत नाही, खेळण्यातली होडी आणि रापणीची होडी त्याला सारखीच. तेव्हा काठाला टेकवून एक मीटरची काठी ठेवा आणि ती बऱ्याच फोटोंत येऊ द्या.