रुग्ण औषधावर कधीपर्यंत होता? नोंदींवरून औषधवापर मोजण्याची पार्श्वभूमी

रुग्णालये, विमा योजना आणि औषधदुकाने यांच्या नोंदी वापरून एखाद्या औषधाचा फायदा किंवा धोका तपासणारे अभ्यास आता नित्याचे झाले आहेत. त्यांची बातमी होते तेव्हा किती लाख रुग्णांची माहिती तपासली, हे ठळकपणे छापले जाते. रुग्ण औषध घेत होता हे कोणत्या नोंदीवरून आणि कोणत्या नियमाने ठरवले, याचा तपशील मात्र मूळ निबंधाच्या पुरवणीत राहतो. या क्षेत्रातले सर्वांत कडवे वाद त्याच नियमावरून झाले आहेत.

सुरुवात माणसागणिक नोंदींपासून झाली नव्हती. १९६१मध्ये थॅलिडोमाइड हे बाळांत जन्मजात व्यंग निर्माण करणारे औषध बाजारातून मागे घेतले गेले, तेव्हा कोणत्या देशात कोणते औषध किती खपते हेसुद्धा नीट माहीत नव्हते. १९६६-६७मध्ये सहा युरोपीय देशांतील औषधविक्रीची तुलना झाली आणि शेजारशेजारच्या देशांत एकाच रोगावरच्या औषधांचा खप फारच वेगळा असल्याचे दिसले. १९६९मध्ये ऑस्लोत या विषयावर परिषद झाली. नॉर्वेतल्या अभ्यासकांनी पुढे एक सामायिक एकक तयार केले : प्रौढ व्यक्तीला त्या औषधाच्या मुख्य आजारासाठी रोज लागणारी सरासरी मात्रा, म्हणजेच डीडीडी. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनसाठी ती २ ग्रॅम आहे. अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची १ ग्रॅम होती, ती २०१९मध्ये दीड ग्रॅम केली गेली. हे एकक देशादेशांच्या तुलनेसाठी होते. एका रुग्णाने किती दिवस गोळी घेतली हे सांगण्यासाठी ते बनवलेलेच नव्हते, तरी पुढे अनेक अभ्यासांत त्याचा तसा वापर झाला.

माणसागणिक नोंदी आल्या त्या बहुतेक हिशेबासाठी. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात सप्टेंबर १९७५पासून सरकारी औषध योजना सुरू झाली. प्रत्येक रुग्णाच्या औषधाचे पैसे कोणाला द्यायचे, यासाठी नोंद ठेवली जाऊ लागली आणि संशोधकांच्या हाती आयती खाण लागली. योजनेचे पैसे देण्याचे नियम बदलले तेव्हा, म्हणजे १९८७च्या मध्यापासून १९८८च्या अखेरपर्यंत, त्या नोंदींत खिंडार पडले. हिशेबाच्या वहीवर विज्ञान उभे केले की हिशेबाचे नियम बदलताच विज्ञानही लंगडते, हे इथे स्पष्ट झाले. ब्रिटनमध्ये १९८७पासून फॅमिली डॉक्टरांच्या संगणकांतून माहिती जमू लागली. डेन्मार्कने १९९०च्या दशकाच्या मध्यात, नॉर्वेने २००४मध्ये आणि स्वीडनने जुलै २००५पासून अख्ख्या लोकसंख्येची, ओळख क्रमांकाशी जोडलेली औषध नोंदणी सुरू केली.

वरवर सारख्या दिसणाऱ्या या नोंदी वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. ब्रिटनमधील डॉक्टरांची नोंद सांगते की चिठ्ठी लिहिली गेली. डेन्मार्कची नोंद सांगते की दुकानातून पाकीट नेले गेले. गोळी पोटात गेली, असे दोन्ही सांगत नाहीत. चिठ्ठी आणि पाकीट यांच्यातले अंतर काही किरकोळ नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या संगणकीय चिठ्ठ्यांचा २०१०मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा : नव्याने सुरू केलेल्या औषधांच्या सुमारे २८ टक्के चिठ्ठ्यांवरचे औषध रुग्णांनी दुकानातून नेलेच नव्हते.

पण पाकीट नेले असे गृहीत धरले तरी खरा पेच पुढे आहे. औषध कधी सुरू झाले हे तारखेवरून कळते. ते कधी थांबले, याची नोंद कुठेच नसते. ते संशोधकाला ठरवावे लागते आणि या एका निर्णयावर अख्खा निष्कर्ष फिरू शकतो.

समजा, रुग्णाने १ जानेवारीला रोज एक याप्रमाणे ३० गोळ्या नेल्या. त्या ३० जानेवारीला संपल्या. पुढची खेप त्याने २० फेब्रुवारीला नेली. मधले वीस दिवस तो औषधावर होता का? लोक एखादी गोळी विसरतात, घरात जुना साठा असतो, म्हणून संशोधक सवलतीचे काही दिवस देतात. १४ दिवसांची सवलत दिली, तर १३ फेब्रुवारीपर्यंत तो औषधावर धरला जातो, नंतर नाही. ३० दिवसांची दिली, तर तो सलग औषधावर राहतो. आता त्याला १५ फेब्रुवारीला हृदयविकाराचा झटका आला, असे धरा. पहिल्या नियमाने तो झटका औषध सोडल्यानंतरचा, दुसऱ्या नियमाने औषध चालू असतानाचा. रुग्ण तोच, नोंद तीच, झटकाही तोच.

सवलत किती दिवसांची असावी याला एकच शास्त्रीय उत्तर नाही. १५, ३०, ६०, ९० असे सगळे आकडे छापील अभ्यासांत सापडतात. अमेरिकेतील विम्याच्या दाव्यांत दुकानदार ‘किती दिवसांचे औषध दिले’ हा रकाना भरतो, त्यामुळे निदान प्रारंभाचा आकडा मिळतो. डेन्मार्कच्या नोंदीत रोजच्या मात्रेचा रकानाच नाही. पाकिटे, गोळ्यांची ताकद आणि संख्या एवढेच आहे. मग काहींनी डीडीडी म्हणजेच रुग्णाची रोजची मात्रा असे मानले. वृद्ध किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णाला कमी मात्रा दिली जाते, तिथे हे सरळ चुकते. वॉरफरिनसारख्या, रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधात तर रक्ततपासणीप्रमाणे मात्रा बदलत राहते, त्यामुळे पाकिटावरून दिवस काढणे जवळजवळ निरर्थक ठरते. यातून सुटण्यासाठी डेन्मार्क आणि फिनलंडमधील अभ्यासकांनी रुग्णांच्या खरेदीच्या सवयीवरूनच कालावधी काढण्याच्या पद्धती बसवल्या. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतले या क्षेत्रातले सर्वांत प्रामाणिक काम हेच आहे, कारण त्यात गृहीतक झाकले जात नाही, आकड्यात मांडले जाते.

याहून घातक चूक काळाच्या मोजणीत होते. वरच्या उदाहरणात रुग्ण २० फेब्रुवारीला परत आला म्हणून मधले दिवस औषधाचे धरायचे, असा नियम केला, तर ते वीस दिवस तो जिवंत राहिला ही अट त्यात आपोआप येते. मेलेला माणूस दुसरी खेप न्यायला येत नाही. हा दोष १९७०च्या दशकात हृदयप्रत्यारोपणाच्या अभ्यासांत दाखवून दिला होता, तरी तो परत शिरला. कॅनडाच्या ओंटारिओतील २००१च्या एका अभ्यासात सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराचे रुग्ण रुग्णालयातून घरी सोडल्यावर ९० दिवसांत स्टेरॉइडचा इन्हेलर नेणाऱ्यांत मृत्यू बरेच कमी दिसले. इन्हेलर नेईपर्यंतचा काळसुद्धा औषधाच्या खात्यात जमा झाला होता, हे २००३मध्ये दाखवले गेले. २००७मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांवरील तीन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत केवळ स्टेरॉइड घेणाऱ्या गटातील मृत्यू प्लासिबो (औषध नसलेला, दिसायला तसाच डोस) गटापेक्षा कमी नव्हते.

औषध नियमित घेतले की नाही, याची सीमारेषा म्हणून ८० टक्के हा आकडा रूढ आहे. वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी २९२ दिवस पुरेल एवढे औषध नेले की रुग्ण ‘नियमित’. या आकड्याचा उगम १९७०च्या दशकात कॅनडातल्या हॅमिल्टन येथील पोलाद कामगारांच्या रक्तदाबावरच्या अभ्यासांकडे जातो. तिथे गोळ्या मोजून पाहिल्या होत्या. रक्तदाबापुरता तो आकडा समजण्यासारखा होता. पुढे तो कोलेस्टेरॉल, मधुमेह, मानसिक आजार अशा सगळीकडे पसरला आणि अमेरिकेत वृद्धांच्या विमा योजनांची गुणवत्ताही त्यावर ठरू लागली. उलट, २०००मध्ये एचआयव्हीच्या तेव्हाच्या औषधांसाठी ९५ टक्क्यांची गरज असल्याचे दिसले होते. शिवाय उरलेले ७३ दिवस सलग गेले की वर्षभर विखुरले, हे या टक्केवारीतून कळतच नाही. अपस्माराच्या रुग्णासाठी त्या दोन गोष्टींत आकाशपाताळाचा फरक आहे.

काही औषधे तर नोंदीत येतच नाहीत. दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली ॲस्पिरिन, डॉक्टरांनी दिलेली नमुन्याची पाकिटे, रुग्णालयात दाखल असताना दिलेली औषधे यांचा बऱ्याच नोंदण्यांत पत्ता नसतो. २००६पासून अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी जेनेरिक औषधे ४ डॉलरला विकायला सुरुवात केली. लोक रोख पैसे देऊन ती नेऊ लागले. रोखीच्या खरेदीचा विम्याकडे दावाच जात नाही, त्यामुळे नियमित औषध घेणारा रुग्ण कागदावर औषध सोडलेला दिसू शकतो.

सप्टेंबर २००४मध्ये रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक हृदयविकाराच्या धोक्यामुळे मागे घेतले गेले आणि नोंदींवरून धोक्याची सूचना लवकर मिळावी, ही मागणी वाढली. २००७मध्ये अमेरिकेत तसा कायदा झाला. डिसेंबर २०१६च्या कायद्याने तर जुन्या औषधाला नव्या आजारासाठी मान्यता देतानाही प्रत्यक्ष व्यवहारातील माहिती विचारात घेण्याची वाट मोकळी केली. तिथल्या औषध नियामकाने २०२४मध्ये अंतिम केलेल्या मार्गदर्शनात औषध चालू असल्याचा काळ कसा ठरवला याची स्पष्ट व्याख्या आणि समर्थन मागितले आहे. हे वीस वर्षे आधी व्हायला हवे होते.

भारतात चित्र वेगळे आहे. इथे गोळ्यांचा पत्ता कापून चार दिवसांच्या गोळ्या देता येतात, चिठ्ठी रुग्णाच्याच खिशात राहते आणि दुकानाचे बिल रुग्णाच्या नोंदीशी जोडलेले नसते. मार्च २०१४पासून क्षयरोगाची औषधे आणि काही अँटिबायोटिक्स यांसाठी केमिस्टने वेगळे रजिस्टर ठेवणे आणि ते तीन वर्षे जपणे बंधनकारक झाले. पण रजिस्टर तपासणीसाठी आहे, संशोधनासाठी नाही. सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मोहिमेने नागरिकांना १४ आकडी आरोग्य क्रमांक दिला. तो क्रमांक असला, तरी केमिस्टने दिलेली गोळी त्याला आपोआप जोडली जात नाही.

माणसागणिक नोंदी नसताना क्षयरोगाच्या बाबतीत विक्रीच्या आकड्यांकडेच वळावे लागले. मुंबईत २०१४च्या सुमारास खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्या रुग्णांना व्हाउचरवर केमिस्टकडून मोफत औषध देण्याचा प्रयोग झाला आणि खासगी उपचाराची माणसागणिक नोंद मिळू लागली. पण ती त्या प्रकल्पापुरतीच. २०१६मध्ये देशभरातील खासगी विक्रीचा हिशेब प्रसिद्ध झाला : २०१४ या एका वर्षात सुमारे १ कोटी ७८ लाख रुग्ण-महिने (एका रुग्णाचा एक महिन्याचा उपचार म्हणजे एक रुग्ण-महिना) पुरेल एवढे क्षयरोगाचे औषध खासगी बाजारात गेले होते, सरकारी क्षेत्राच्या सुमारे दुप्पट. त्यावरून रुग्ण किती? उपचार सरासरी दोन ते सहा महिने चालतो आणि खासगी निदानांपैकी ४० ते ६० टक्के बरोबर असतात, असे धरले. उत्तर आले ११ लाख ९० हजार ते ५३ लाख ४० हजार. मधला अंदाज २२ लाखांचा, म्हणजे तोवर मानल्या जाणाऱ्या संख्येच्या दोन ते तीन पट. विक्रीचा आकडा एकच होता. रुग्ण किती दिवस औषधावर राहिला आणि त्याला क्षयरोग खरेच होता का, या दोन गृहीतकांनी उत्तर चौपटीहून अधिक ताणले गेले.