ऑफर लेटरवरील सही आणि पोलीस केसची भीती

नोकरीच्या ऑफर लेटरवर सही केल्यानंतर रुजू झाले नाही तर कंपनी पोलीस केस करते, हा समज पदवीच्या शेवटच्या वर्षातील मुलांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहे. तो चुकीचा आहे. ऑफर स्वीकारणे हा दिवाणी स्वरूपाचा करार असून केवळ तो मोडणे हा फौजदारी गुन्हा होत नाही. शिवाय व्यक्तिगत सेवेच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी करण्याचा आदेश विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ नुसार न्यायालये सहसा देत नाहीत.

मात्र याचा अर्थ सही निरर्थक आहे असा नव्हे, आणि उलट टोकाचा ‘बाँड (ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याची लेखी हमी) म्हणजे नुसता कागद’ हा समजही तितकाच घातक आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात नमूद केलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मागता येते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेची, तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली.

म्हणून स्वीकृती कळवण्यापूर्वी बाँडची रक्कम, नोटीस पीरियड आणि रुजू होण्याची तारीख नीट वाचावी, शंका ई-मेलवर विचाराव्यात (फोनवरचे आश्वासन नंतर कोणालाच आठवत नाही) आणि लेखी ऑफर हाती येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. विचार बदललाच, तर गप्प राहण्याऐवजी लगेच लेखी कळवावे.