मागच्या ॲक्सलचा वाद आला कुठून?

मुंबईची महिंद्रा आज मागच्या ॲक्सलची दोन टोकं एकाच वेळी विकते आहे. २०२२ मध्ये आलेल्या स्कॉर्पिओ-एनला मागे सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, आणि तो पाच लिंक्स (जोडदांडे) आणि वॉट्स लिंकेज नावाच्या जोडणीने जागेवर धरलेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या बीई ६ या इलेक्ट्रिक गाडीला मात्र मागे पूर्ण स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं. दोन्ही गाड्या चाकणलाच बनतात. तरीही स्कॉर्पिओ-एनचा विषय निघाला की 'अजून सॉलिड ॲक्सलच?' म्हणून नाक मुरडणारे हमखास भेटतात, आणि फोर्ड मस्टँगसारख्या परफॉर्मन्स गाडीचा विषय असेल तर विचारूच नका.

सॉलिड म्हणजे मागासलेलं आणि स्वतंत्र म्हणजे पुढारलेलं, हा हिशेब मला पटत नाही. शर्यतींचा इतिहास काही वेगळंच सांगतो. नीट बांधलेल्या सॉलिड ॲक्सलने कितीतरी वर्षं स्वतंत्र सस्पेन्शनच्या बरोबरीने, कधी त्याच्या पुढे राहून शर्यती मारल्या आहेत. स्वतंत्र सस्पेन्शनच्या सुरुवातीच्या रचना तर धोक्याच्या होत्या.

सॉलिड ॲक्सल म्हणजे काय, हे कळण्यासाठी मुंबईकराला कधी लांब जावं लागलं नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून इथल्या रस्त्यांवर होती. गॅरेजमध्ये जॅकवर चढवलेल्या पद्मिनीखाली वाकून पाहिलं की सगळा कारभार उघडा दिसायचा. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच लोखंडी हाउसिंग, मध्ये इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शलचा फुगीर गोळा, आत क्राउन-पिनियन हे गिअर, दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधून चाकांपर्यंत गेलेले हाफ शाफ्ट, आणि हे सगळं ओझं यू-बोल्टने पाट्यांना, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांना, आवळलेलं. तेलाने आणि धुळीने काळं पडलेलं असलं तरी बिघडण्यासारखं त्यात फार थोडं होतं.

त्याची किंमत मात्र मागच्या सीटवर बसलेल्याला मोजावी लागायची. रिकामी पद्मिनी पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर मागून उड्या मारायची. चार माणसं आणि कॅरियरवर सामान असलं की तीच गाडी शहाण्यासारखी चालायची. डिफरन्शल, हाउसिंग, शाफ्ट हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली, चाकांबरोबर वरखाली होतं. वरचं वजन कमी असलं की खालचं वजन गाडीला हलवतं. शिवाय दोन्ही चाकं एकाच दांड्याची. कावडीचं एक टोक दाबलं की दुसरं उचलतं, तसं एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलतं.

पण याच दांड्याचा एक मोठा गुण आहे. वळणावर बॉडी कितीही झुकली तरी मागचे दोन्ही टायर रस्त्यावर सपाट राहतात, कारण त्यांचा एकमेकांशी असलेला कोन बदलूच शकत नाही. टायरची पकड त्याच्या सपाटीवर अवलंबून असते. स्वतंत्र सस्पेन्शनला ही सपाटी भूमितीतून मिळवावी लागते, आणि ती भूमिती साधायला इंजिनियरांना फार वर्षं लागली.

पहिली मोठी कल्पना फ्रान्सची. डी दिऑन-बुताँ कंपनीच्या गाड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डिफरन्शल चाकांपासून सोडवून चासीला बसवलं गेलं आणि दोन्ही चाकं एका हलक्या नळीने जोडलेली राहिली. म्हणजे टायर सपाट, आणि स्प्रिंगखालचं वजनही कमी. दुसरी कल्पना एडमंड रुम्प्लर या ऑस्ट्रियन इंजिनियरची, १९०३ च्या पेटंटची: स्विंग ॲक्सल. यात प्रत्येक हाफ शाफ्ट डिफरन्शलजवळच्या सांध्यावर पंखासारखा वरखाली होतो. स्वस्त, सोपी आणि नावाला स्वतंत्र. पण चाक वरखाली झालं की त्याचा कोनही भलताच बदलतो. जोरात वळताना मागचा भाग उचलला गेला तर बाहेरचं चाक आत दुमडतं, पकड एकदम जाते आणि गाडीची मागची बाजू पुढे यायला बघते.

हे शर्यतीत कळायला वेळ लागला नाही. मर्सिडीजने १९३४ ची डब्ल्यू२५ ही ग्रां प्री गाडी स्विंग ॲक्सलवर आणली. ताकद वाढत गेली आणि १९३६ पर्यंत तिला आवरणं कठीण झालं. रुडॉल्फ उलेनहाउट या तरुण इंजिनियरने ती स्वतः ट्रॅकवर चालवून पाहिली आणि १९३७ च्या डब्ल्यू१२५ ला मागे डी दिऑन बसवला. स्प्रिंग मऊ केल्या, चासी ताठ केली. पुढच्याच वर्षी तिची जर्मन प्रतिस्पर्धी ऑटो युनियननेही तोच रस्ता धरला. जगातल्या सर्वांत वेगवान दोन गाड्या स्वतंत्र सस्पेन्शन सोडून पुन्हा दोन चाकं जोडणाऱ्या नळीकडे वळल्या, हा या वादातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे असं मला वाटतं, आणि नेमका त्याचाच उल्लेख क्वचित होतो.

युद्धानंतरही तेच. जॅग्वारच्या डी-टाइपने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षं ल मानची २४ तासांची शर्यत जिंकली, मागे सॉलिड ॲक्सल घेऊन. आज लिलावात डोळे फिरवणाऱ्या किमतीला जाणारी १९६२ ची फेरारी २५० जीटीओही सॉलिड ॲक्सलची, तीही पाट्यांवर. फक्त तो ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून तिला वॉट्स लिंकेज होतं, म्हणजे जेम्स वॉटने अठराव्या शतकात वाफेच्या इंजिनासाठी शोधलेली जोडणी. स्कॉर्पिओ-एनच्या पोटाखाली आज हीच जोडणी आहे. रस्त्यावरच्या फेरारीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं ते १९६४ च्या २७५ जीटीबीपासून.

खरं वळण आलं १९६१ मध्ये, जॅग्वारच्या ई-टाइपबरोबर. कंपनीचे इंजिनियर बॉब नाइट यांनी आखलेली तिची मागची रचना आजही बघण्यासारखी आहे. डिफरन्शल, त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले डिस्क ब्रेक, खाली आर्म, वरच्या लिंकचं काम करणारा हाफ शाफ्ट, प्रत्येक चाकाला दोन-दोन शॉकअप आणि कॉइल स्प्रिंग. हे सगळं एका सबफ्रेममध्ये बसवून रबरावर टांगलेलं. ब्रेकसुद्धा चाकावरून काढून आत नेल्यामुळे स्प्रिंगखालचं वजन खूपच घटलं. थोड्याफार बदलांनिशी ही रचना जॅग्वारने तीन दशकांहून जास्त काळ वापरली. (२००८ पासून जॅग्वार टाटांकडे, म्हणजे बॉम्बे हाउसच्या छत्राखाली आहे, हॉर्निमन सर्कलच्या व्हिंटेज रॅलीत ई-टाइप दिसलीच तर मागून वाकून बघा.) जनरल मोटर्सच्या १९६३ च्या कॉर्व्हेट स्टिंग रेमध्ये झोरा आर्कस-डंटव्ह यांच्या चमूनेही हाफ शाफ्टलाच वरची लिंक केलं आणि डिफरन्शलखाली एकच आडवा पाटा बसवला.

त्याच जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेअरने मात्र स्विंग ॲक्सलची बदनामी घरोघरी पोहोचवली. इंजिन मागे, स्विंग ॲक्सल मागे, आणि वळणावर गाडीचं झुकणं आवरणारा पुढचा अँटी-रोल बार खर्च वाचवायला गाळलेला. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये आपल्या पुस्तकात तिच्यावर झोड उठवली. १९७२ च्या सरकारी अहवालाने ती तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असं म्हटलं, पण तोवर तिचं उत्पादन थांबून तीन वर्षं झाली होती.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९६१ पासून मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ही ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्डची भारतीय बहीण. फियाट आणि ॲम्बेसेडर पाट्यांवरच्या सॉलिड ॲक्सलने चालत असताना हेराल्डला मागे आडवा पाटा आणि स्विंग ॲक्सल होता, म्हणजे कागदावर ती तिघींत सर्वांत आधुनिक. पण मालक आणि मेस्त्री दोघांनाही तो मानवला नाही. १९७२ मध्ये हेराल्डचीच पुढची आवृत्ती म्हणून गॅझेल आली तेव्हा कंपनीने स्वतंत्र सस्पेन्शन काढून सॉलिड ॲक्सल बसवला. याला मी मागे जाणं म्हणणार नाही. वाईट स्वतंत्र सस्पेन्शनपेक्षा साधा ॲक्सल बरा, हे मर्सिडीजला १९३७ मध्ये ट्रॅकवर कळलं होतं, तेच आपल्याकडे रस्त्यावर आणि गॅरेजमध्ये कळलं.

मग मस्टँग इतकी वर्षं सॉलिड ॲक्सलवर का राहिली? मुख्य कारण पैसा. १९६४ ची मस्टँग फाल्कन या साध्या कुटुंबाच्या गाडीवर बेतलेली होती, तिची मूळ किंमत २,३६८ डॉलर. फोर्डने त्याच काळात स्वतंत्र सस्पेन्शन करून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं कारण सिग्नलपासून सरळ रेषेत सुसाट सुटण्याचं अमेरिकन वेड. तिथे सॉलिड ॲक्सल दणकट पडतो, जरी त्याचे स्वतःचे त्रास असतात. इंजिनाकडून मागे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा पीळ थेट हाउसिंगवर येतो, त्यामुळे मागचं उजवं चाक उचलायला बघतं. पाट्यांवरचा ॲक्सल तर जोरात क्लच सोडल्यावर पाट्यांसकट पिळतो, सुटतो, पुन्हा पिळतो आणि चाकं रस्त्यावर थाडथाड आपटतात. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शल बॉडीला बसवलेलं असल्याने तो पीळ बॉडीतच जिरतो. पण तिथे सांध्यांतले रबरी बुश मऊ असले तर आपटणं चुकत नाही. १९९९ च्या मस्टँग कोब्राला फोर्डने सॉलिड ॲक्सलच्याच जागी बसणारी स्वतंत्र रचना दिली, तर ड्रॅग, म्हणजे सरळ रेषेतल्या, शर्यतवाल्यांनी ती काढून परत सॉलिड ॲक्सल चढवले.

२००५ ची नवी मस्टँग पुन्हा सॉलिड ॲक्सलवरच आली, मात्र तीन लिंक्स आणि ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडसह. याच बांधणीवरच्या २०१२ च्या बॉस ३०२ साठी फोर्डने बीएमडब्ल्यू एम३ लाच माप मानलं होतं. २०१५ मध्ये सगळ्या मस्टँगना स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं, कारण गाडी आता जगभर विकायची होती. भारतात मस्टँग अधिकृतपणे २०१६ मध्ये आली, त्यामुळे शोरूममधून सॉलिड ॲक्सलची मस्टँग आपल्याकडे कुणी घेतलीच नाही.

तोवर युरोपने प्रश्न सोडवला होता. १९८२ च्या मर्सिडीज १९० ने मागच्या प्रत्येक चाकाला पाच लिंक्स दिल्या. प्रत्येक लिंक एक काम सांभाळते, त्यामुळे चाक वर गेलं, ब्रेक लागला, जोर आला तरी त्याचा कोन आणि त्याची दिशा ठरवल्याप्रमाणेच बदलते. १९९५ पासून पुण्यात जुळणी झालेल्या मर्सिडीज डब्ल्यू१२४ मध्ये हीच रचना होती. डी दिऑनची नळी जी सपाटी फुकट द्यायची, ती आता गणिताने मिळू लागली, आणि त्यानंतर डांबरी रस्त्यावरच्या वेगवान गाडीसाठी वाद फारसा उरला नाही. अमेरिकेच्या नॅस्कारच्या मुख्य कप शर्यतींनीसुद्धा २०२२ च्या गाडीपासून सॉलिड ॲक्सल सोडला.

जिथे तो राहिला तिथे त्याला कारण आहे. फोर्डने स्वतः विकलेली ड्रॅगसाठीची मस्टँग कोब्रा जेट सॉलिड ॲक्सलवरच धावते. थारसारख्या गाडीत एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, आणि तिथे तेच हवं असतं. मागची चाकं चालवणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीत गणित उलटं. मोटार आणि गिअर मागच्या चाकांमध्येच असल्याने ते वजन हाउसिंगमध्ये घातलं तर सगळं स्प्रिंगखाली जाईल, म्हणून बीई ६ सारख्या गाडीला स्वतंत्र रचनाच सोयीची.

अशा गाडीच्या मालकांनी एक लक्षात ठेवावं. पाच लिंक्स म्हणजे दुप्पट-तिप्पट बुश, आणि मुंबईच्या एका पावसाळ्यातले खड्डे त्यांची परीक्षा बघतात. पद्मिनीच्या मागच्या चाकांचं अलाइनमेंट करायची सोयही नव्हती आणि गरजही नव्हती. इथे ती आहे. सप्टेंबरनंतर अलाइनमेंटला गाडी द्याल तेव्हा चारही चाकांचं करायला सांगा, आणि मशीनवर मागच्या चाकांचे आकडे स्वतः बघा.