ट्रेडिंग कार्ड गेममधील नशीब आणि कौशल्य

ट्रेडिंग कार्ड गेम म्हणजे असा पत्त्यांचा खेळ, ज्यात प्रत्येक खेळाडू आपला कॅट स्वतः बांधून आणतो. मेंढीकोटात किंवा रमीत सगळ्यांना तीच ठरलेली पाने वाटली जातात. इथे बाजारात आलेल्या हजारो पानांतून ४० किंवा ६० निवडून ‘डेक’ तयार करायचा, तो पिसायचा, समोरच्याने काटायचा आणि हातात येईल त्यावर डाव रचायचा. पाने कोणती हे खेळाडू ठरवतो, ती कोणत्या क्रमाने येणार हे पिसणे ठरवते. म्हणून हरलेला ‘पानच आलं नाही’ म्हणतो, जिंकलेला आपल्या चाली रंगवून सांगतो, आणि खरे कोणाचे हा वाद डाव संपल्यावरही चालू राहतो.

सांगलीत या वादाला वेगळी धार आहे, कारण हे गाव बुद्धिबळाचे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी इथे पिढ्या घडवल्या; भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे ही नावे याच परंपरेतली. पटावर दान पडत नाही, पान ओढावे लागत नाही. पांढरी मोहरी कोणाला मिळाली एवढाच काय तो नशिबाचा शिरकाव. त्यामुळे बुद्धिबळात हरलेल्याला सबब नसते. या संस्कारात वाढलेल्या माणसाला पत्त्यांची स्पर्धा म्हणजे जुगाराचे सुधारलेले रूप वाटते. हे मत चुकीचे आहे, पण ते का चुकीचे हे सांगायला थोडे गणित लागते.

या खेळांची सुरुवात १९९३ मध्ये ‘मॅजिक : द गॅदरिंग’ने झाली. तो रचणारे रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे डॉक्टरेट, तेही संयोजनशास्त्रातले, हे इथे महत्त्वाचे. १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनची पाने आली, १९९९ मध्ये ‘यु-गी-ओ’चा आजचा खेळ सुरू झाला, आणि २०१४ च्या ‘हर्थस्टोन’ने हा प्रकार पडद्यावर नेला. आपल्याकडच्या मुलांना त्याची ओळख आडवाटेने झाली : चिप्सच्या पाकिटातले टाझो, मग क्रिकेट अटॅक्सची पाने, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीतली अदलाबदल. आता सांगलीत विश्रामबागच्या हॉस्टेलांत हा खेळ बहुतेक करून मोबाइलवर दिसतो.

नशीब कुठून येते

पहिली जागा अर्थातच पिसण्याची. ‘मॅजिक’मध्ये प्रत्येक पान खेळायला किंमत मोजावी लागते आणि ती ‘लँड’ नावाच्या पानांतून येते. लँड कमी आले तर हातातली भारी पाने नुसती धरून बसायचे. जास्त आले तर खर्च करायला ऐपत आहे पण घ्यायला काही नाही. ६० पानांत २४ लँड ठेवले तर पहिल्या सात पानांत दोन ते चार लँड येण्याची शक्यता ७७ टक्के असते. शून्य किंवा एकच येण्याची शक्यता १४ टक्के, म्हणजे साधारण सात डावांत एकदा.

हॉस्टेलच्या एका खोलीत पाहिलेला प्रसंग सांगण्यासारखा आहे. सलग तिसरा डाव हरलेला मुलगा वैतागून म्हणाला, “लँडच येत नाहीत रे, माझं नशीबच फुटकं.” समोरच्याने काही न बोलता त्याचा डेक उचलला आणि गादीवर दोन ढीग लावले. लँडचा ढीग वीस पानांचा निघाला. वीसच लँड ठेवले की शून्य किंवा एक येण्याची शक्यता १४ वरून जवळपास २५ टक्क्यांवर जाते. सातात एकदा येणारे संकट चारात एकदा येते. त्या जागी त्याने चार भारी ड्रॅगन घातले होते. नशीब फुटके होते खरे, पण ते त्याने आदल्या रात्री स्वतःच्या हाताने फोडले होते.

प्रत्येक खेळाने या अडचणीवर आपापला तोडगा काढला आहे. हात वाईट आला तर तो परत पिसून नवा घेता येतो. याला मलिगन म्हणतात. ‘मॅजिक’मध्ये २०१९ पासून पुन्हा पूर्ण सात पाने बघायला मिळतात, मात्र जितक्या वेळा मलिगन घेतले तितकी पाने डेकच्या तळाशी ठेवावी लागतात. ‘यु-गी-ओ’त लँडसारखी भानगडच नाही, पण एका पानाच्या तीनच प्रती चालतात : ४० पानांच्या डेकमधून पहिल्या पाचांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता ३४ टक्के. पोकेमॉनच्या मूळ खेळात सहा पाने ‘बक्षीस’ म्हणून सुरुवातीलाच उपडी बाजूला ठेवतात. डेकमध्ये एकच प्रत असलेले पान त्यात अडकण्याची शक्यता दहात एक. मात्र जाणता खेळाडू डेकमधून काहीतरी शोधण्याची पहिली संधी मिळताच सगळी पाने झरझर नजरेखालून घालतो, काय दिसत नाही ते मनात टिपतो, आणि बक्षिसांत काय पडले आहे हे ओळखून बसतो. नवखा मात्र त्याच वेळी फक्त हवे ते पान शोधत असतो.

पहिली चाल कोणाची हा दुसरा दैवाचा भाग. तो सावरण्यासाठी ‘मॅजिक’मध्ये आणि २०१४ पासून ‘यु-गी-ओ’तही पहिला खेळणारा पहिल्या पाळीत पान ओढत नाही, ‘हर्थस्टोन’मध्ये दुसऱ्याला एक जादा पान आणि एक नाणे मिळते. तिसरा भाग जोडीचा : तुमचा डेक ज्याच्यापुढे हमखास चालतो तो समोर येईल, की ज्याच्यापुढे लंगडतो तो?

चौथा प्रकार या सगळ्यांहून वेगळा आहे. वरच्या तिन्हींत आधी दान पडते, मग माणूस विचार करतो. नाणेफेकीच्या पानांत उलटे होते : विचार आधी, दान नंतर. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ या मोबाइल खेळातील ‘मिस्टी’ हे पान त्याचा नमुना. काटा पडेपर्यंत नाणे उडवायचे आणि प्रत्येक छापाला एक पाण्याची ऊर्जा घ्यायची. निम्म्या वेळा पहिल्याच फेकीला काटा पडतो आणि हाती काहीच लागत नाही. कधी मात्र ओळीने तीन-चार छापे पडतात आणि समोरच्याने धड एक पाळी खेळण्याआधीच डाव संपल्यात जमा होतो. पिसण्याच्या नशिबावर खेळाडू सहसा चिडत नाहीत, या नशिबावर चिडतात. त्यांचा राग रास्त आहे, कारण दान पडून गेल्यावर सावरायला वावच उरत नाही.

कौशल्य कशात असते

डेक बांधणे, मलिगनचा निर्णय, समोरच्याच्या हातात काय असावे याचा अंदाज, तीन डावांच्या सामन्यात मधे पाने बदलणे, दिवसभर डोके शांत ठेवणे ही ठळक अंगे. त्यांची यादी कुठेही सापडेल. खोलात जावे असे अंग एकच : हरत आलेला डाव कसा खेळायचा.

२००६ च्या होनोलुलु प्रो टूरचा (‘मॅजिक’ची व्यावसायिक स्पर्धा) उपांत्य सामना, पाचवा निर्णायक डाव. इंग्लंडचा क्रेग जोन्स फ्रान्सच्या ऑलिव्हिए रुएलपुढे हरण्याच्या बेतात होता. जोन्सच्या हातात ‘चार’ नावाचे पान होते (इंग्रजीत अर्थ होरपळवणे; नुकसान मात्र योगायोगाने नेमके चारच). ते रुएलच्या प्राण्यावर (लढायला उतरवलेल्या पानावर) टाकून एखादी पाळी तग धरायची, की थेट रुएलवर मारायचे? जोन्सने ते रुएलवर मारले. आता रुएलकडे आयुष्याचे तीन गुण उरले आणि पुढच्या पाळीत जोन्स मरणार हे नक्की. त्याने डेकवरचे पान न बघताच उलटे करून टेबलावर टाकले : ‘लायटनिंग हेलिक्स’, नेमके तीन नुकसान. प्रेक्षक जागेवरून उठले. त्या क्षणाची आठवण अजूनही ‘काय नशीब!’ म्हणून निघते. पण चारचे पान आधी प्राण्यावर खर्च झाले असते तर तेच हेलिक्स येऊनही उपयोग नव्हता. आपल्याला वाचवणारे पान वर आहे असे धरूनच त्याने आधीची चाल केली होती. पान आले हे दैव. ते आल्यावर पुरेल अशी जागा करून ठेवली हे कौशल्य. अंतिम सामना तो हरला, हेही सांगायला हवे.

थोडे आकड्यांत बघू. डेकमध्ये ४० पाने उरली आहेत आणि त्यातली चार डाव वाचवू शकतात. एक पान ओढायला मिळाले तर शक्यता १० टक्के; कसेही करून आणखी एक पाळी तग धरली तर १९. शेवटच्या अवस्थेतले बरेचसे कौशल्य ही एक जादा पाळी कमावण्यात असते, किंवा ती मिळणारच नाही हे वेळेवर ओळखण्यात.

आपण वरचढ असताना आणि कमजोर असताना एकाच पद्धतीने खेळू नये, हेही यातूनच येते. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. आगाप छाटणी घेतली तर माल लवकर निघून दर चांगला मिळतो, पण परतीच्या पावसात सापडली तर डाऊनी या बुरशीरोगाने बाग जाते. कर्ज अंगावर असलेला एखादा तरीही धोका पत्करतो. ज्याची घडी बसलेली आहे तो बेताने छाटतो. पाऊस दोघांच्या हातात नाही, छाटणीची तारीख आहे. कमजोर खेळाडूने डावात उलथापालथ वाढेल अशा चाली कराव्यात, वरचढाने ती कमी होईल अशा. हा नियम कार्ड गेमच्या बैठकीत समजावायला कोणाला अर्धा तास लागतो, बागेच्या बांधावर एक वाक्य पुरते.

महाभारतातल्या नलकथेतही हे सापडते. द्यूतात राज्य घालवलेला नल राजा ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या शिकतो आणि राज्य परत जिंकतो. ती शिकवण्याआधी ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे किती ते सांगतो. फाशांचा डाव मोजता येतो ही जाण आपल्याकडे जुनी आहे.

मोजमाप

एका डावात १०० पैकी ६० वेळा जिंकणारा खेळाडू घेतला, तर तीनपैकी दोनच्या सामन्यात त्याचे प्रमाण साधारण ६५ वर जाते. डाव वाढवले की कौशल्य वर येते, पण फार हळू. १२८ जणांच्या स्पर्धेत स्विस पद्धतीने (कोणी बाद होत नाही, दर फेरीत सारख्या गुणांचे समोरासमोर येतात) सात फेऱ्या होतात. ही पद्धत बुद्धिबळातूनच आली आहे, त्यामुळे सांगलीकराला तिची ओळख करून द्यायला नको. हा ६५ टक्केवाला सातही फेऱ्या जिंकण्याची शक्यता पाच टक्केच भरते. एका रविवारच्या निकालावरून कोण भारी हे ठरवणे म्हणूनच वेडेपणाचे. वर्षानुवर्षांचा हिशेब मात्र बोलका असतो : जर्मनीच्या काय बुडेने सात प्रो टूर जिंकल्या, पोकेमॉनचे जागतिक विजेतेपद जेसन क्लाझिन्स्कीने २००६, २००८ आणि २०१३ असे तीनदा मिळवले, ‘मॅजिक’चे जागतिक विजेतेपद हावियेर डोमिंगेझने २०१८ आणि २०२४ मध्ये. नुसत्या दैवावर असे होत नाही.

‘मॅजिक’ने २०११ पर्यंत बुद्धिबळातलीच एलो गुणांकन पद्धत वापरली. ती सोडावी लागली, आणि त्यामागचे एक कारण गमतीचे आहे : वर पोहोचलेले खेळाडू गुण जपण्यासाठी खेळणेच टाळू लागले. पटावर दुबळ्याशी खेळून गुण जाण्याची भीती कमी; इथे दुबळाही दर तीन-चार सामन्यांत एकदा जिंकतो.

नशीब आणि कौशल्य ही एकाच पट्टीची दोन टोके नाहीत, एक वाढले म्हणून दुसरे घटत नाही, असे गारफिल्ड व्याख्यानांतून मांडत आले आहेत. समजा नूतनच्या स्पर्धेत प्रत्येक डाव संपल्यावर फासा टाकला आणि एक पडल्यास निकाल उलटा धरला. नशीब आले, पण पटावर लागणारे कौशल्य तसूभरही कमी झाले नाही. तसा खेळ कोणी खेळणार नाही हा भाग वेगळा. पत्त्यांचे खेळ मात्र खेळले जातात, कारण त्यांतले नशीब डावात मुरलेले असते आणि नवख्याला अधूनमधून जिंकू देते. सबब असणे ही या खेळांची सोय आहे. बुद्धिबळाच्या वर्गातून दुसऱ्या महिन्यात गळालेली मुले पत्त्यांच्या टेबलावर वर्षभर टिकतात, हे या लेखकाने पाहिले आहे.

कायदा

भारतात हा प्रश्न पैशांच्या संदर्भात न्यायालयात गेला. महाराष्ट्राला लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान धरायचे, कोणते टाकायचे यात कसब लागते. तीन पत्तीला मात्र त्याच निकालाने निव्वळ नशिबात ढकलले. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांसाठी हा भेदच काढून टाकला : पैसे लावले असतील तर कौशल्य असो वा नशीब, बंदी.

पिसणे

नशीब खरे असायचे तर पिसणे खरे हवे. ५२ पानांच्या कॅटला सात वेळा नीट गुंफून पिसावे लागते, हे बेयर आणि डायकोनिस यांनी १९९२ मध्ये गणिताने दाखवले. ६० पानांना त्याहून कमी पुरणार नाही. काही जण लँड आणि इतर पाने आधी एकाआड एक लावून मग दोनदा वरवर पिसतात. नीट पिसले तर ही मेहनत वाया जाते, न पिसले तर ती लबाडी ठरते. सगळ्या पानांना एकसारखी प्लास्टिकची कव्हरे लागतात, कारण एखाद्या पानाचा कोपरा मळला तरी ते पाठीवरून ओळखू येते. सांगलीत पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो. दमट हवेत चकाकीची फॉइल पाने वाकतात, कव्हरातही धनुष्यासारखी राहतात, आणि डेक काटताना बोट नेमके त्या फटीत जाते. पंचाने ठरवले तर असे पान खुणेचे मानले जाते. म्हणून जुलै ते सप्टेंबर फॉइल वहीत आणि साधी प्रत डेकमध्ये ठेवलेली बरी.