नाव शहराचे बदलले की जिल्ह्याचे?

छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे एका दमात घेतली जातात, पण दोन्हींची कहाणी वेगळी. उस्मानाबाद हे नाव शेवटच्या निजामावरून पडलेले. त्याखाली धाराशिव हे जुने नाव शाबूत होते. शहराजवळची लेणी निजामानंतरही धाराशिव लेणीच राहिली. औरंगाबादचे तसे नाही. मलिक अंबरने खडकीला शहर वसवले, त्याच्या मुलाने फतेहनगर केले आणि १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार होऊन आलेल्या औरंगजेबाने त्याला आपले नाव दिले. जुने नावच परत आणायचे तर ते खडकी. मागणी मात्र संभाजी महाराजांच्या नावाची होती, ज्यांना याच औरंगजेबाने १६८९ मध्ये हालहाल करून मारले. ती मागणी का टिकली, हे एवढ्यावरून कळते.

१९८८ मध्ये जाहीर सभेत संभाजीनगर म्हटले गेले, १९९५ मध्ये महापालिकेत ठराव झाला, मसुदा अधिसूचना निघाली आणि २००१ मध्ये नव्या सरकारने ती मागे घेतली.

खरा गुंता २०२२ चा. २९ जूनला मंत्रिमंडळाने दोन्ही नामांतरे मंजूर केली, पण तोवर बहुमत सिद्ध करण्याचे पत्र आले होते आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. अशा वेळी घेतलेला निर्णय टिकणार नाही, असे सांगत पुढच्या सरकारने १६ जुलैला तो नव्याने घेतला आणि संभाजीनगरपुढे ‘छत्रपती’ जोडले. श्रेय कुणाचे, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

त्याहून महत्त्वाचा भाग लोकांच्या लक्षातच आला नाही. शहराचे नाव बदलले म्हणून जिल्ह्याचे आपोआप बदलत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या संमतीनंतर शहरांची नावे बदलली. जिल्हा, तालुका, गाव यांसाठी महसूल खात्याने वेगळा मसुदा काढून हरकती मागवल्या. हरकतींचा निकाल लागण्याआधीच काही कार्यालयांनी जिल्ह्यासाठी नवे नाव लिहायला सुरुवात केली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ही घाई अनाठायी होती. नामांतर हवे असणाऱ्यांचेच तिने नुकसान केले. महसुली अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने आव्हान याचिका फेटाळल्या.

मतदारसंघांची नावे मात्र जुनीच होती. २०२४ च्या लोकसभेला धाराशिवकरांनी मत दिले ते उस्मानाबाद मतदारसंघातून.